वाचकांचे प्रश्न : कोरियात राहायला जाताना

परदेशी जाणाऱ्या वाचकांच्या शंकांना या सदरातून उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा अमेरिका आणि जर्मनी यांच्याविषयीचीच पत्रे येतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात नागपुरातून आलेल्या पत्रांत दक्षिण कोरियाविषयीची पत्रे बरीच निघाली. सोलच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात आम्ही चार वर्षे संसार केला, त्यामुळे या पत्रांना उत्तरे देताना ऐकीव माहितीवर विसंबावे लागले नाही. पाच पत्रे निवडली आहेत. प्रत्येक पत्रात जेवणाची काळजी आहे आणि ती रास्तच आहे. मात्र पहिल्या तीन महिन्यांत ज्याला आपण जेवणाचा प्रश्न म्हणतो, तो पुष्कळदा पाकिटावरचे वाचता न येण्याचा प्रश्न असतो, हे मला तेथे उशिरा उमगले. वाचकांना ते आधी कळावे, एवढ्यासाठी उत्तरांत त्याचा उल्लेख वारंवार येईल.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन ऑगस्टअखेरीस देजॉन येथील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी जात आहे. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. त्याला तेथे शाकाहारी जेवण मिळेल का? सहा महिने पुरतील इतके तिखट, मसाले, डाळी आणि कुकर बरोबर दिला तर चालेल का? — एक आई, महाल

उत्तर : सर्वांत आधी मुलाला एक गोष्ट विचारायला सांगा, ती म्हणजे त्याच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्याची मुभा आहे की नाही. कोरियातील अनेक वसतिगृहांत खोलीत शेगडी लावण्यास सक्त मनाई असते, काही ठिकाणी मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर असते, तर काही ठिकाणी फक्त मायक्रोवेव्ह. परवानगी नसेल तर आपण दिलेला कुकर सहा महिने पलंगाखाली राहील. परवानगी असेल, तर कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच द्यावा, कारण लहान घरांतून आणि सामाईक स्वयंपाकघरांतून विजेच्या शेगड्या बऱ्याच दिसतात आणि आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. तेथील वीज २२० व्होल्टची आहे, परंतु सॉकेटला दोनच गोल छिद्रे असतात. आपली तीन पिनांची उपकरणे लावायची तर अडॅप्टर लागतो, तो येथूनच न्यावा.

आता मसाल्यांविषयी, आणि हा मजकूर आपण कृपया दोनदा वाचावा. खसखस कोरियात न्यायला बंदी आहे. तेथील कायदा तिच्याकडे अफूच्या झाडाचे बी म्हणून पाहतो, आणि पावावर भुरभुरवायच्या ज्या मसाल्यांत ती मिसळलेली असते, अशा बाटल्याही विमानतळावर काढून घेतल्या जातात. आपल्याकडे सावजी मसाल्यात, वऱ्हाडी रश्श्याच्या वाटणात आणि अनेक घरांच्या काळ्या मसाल्यात खसखस असते, आणि ती घातल्याचे करणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. मुलासाठी मसाला वेगळा कुटावा आणि त्यात खसखस मुळीच घालू नये. अनारसे देण्याचा विचार असेल तर तोही सोडावा. त्याचप्रमाणे ताजी फळे, ताज्या भाज्या, कढीपत्ता, लावण्याजोगे बियाणे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. हळद, हिंग, जिरे आणि डाळी मात्र पाकीटबंद, नाव छापलेल्या स्वरूपात द्याव्यात आणि विचारणा झाल्यास त्याने त्या उघडपणे दाखवाव्यात. डाळींचे ओझे फार वाढवू नये, कारण सोलच्या इतेवॉन भागातील मशिदीजवळच्या दुकानांत तूरडाळीपासून आट्यापर्यंत सारे मिळते आणि अशा वस्तू ऑनलाइन मागवल्या की देजॉनलाही घरपोच येतात. एक वस्तू मात्र भरपूर द्यावी, ती म्हणजे भिवापुरी तिखट. गोचुगारू नावाची कोरियन लाल पूड पाहून घाबरण्याचे कारण नाही. ती रंगाने लालभडक, चवीला थोडी गोडसर आणि आपल्या जिभेला अगदीच सौम्य लागते. सुवॉनमध्ये पहिल्यांदा तिचे पिठले केले तेव्हा ते दिसायला तर्रीसारखे झाले आणि लागायला साखर घातल्यासारखे.

शाकाहाराबद्दल मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. कोरियात भाजीपाला अतोनात खाल्ला जातो, परंतु शाकाहारी अन्न म्हणजे काय याची तेथील कल्पना आपल्यासारखी नाही. ‘गोगी’ म्हणजे मांस. ‘गोगी नको’ असे सांगितले की प्रामाणिक दुकानदार मांसाचे तुकडे वगळतो, पण मासळी त्याच्या लेखी मांसात मोडत नाही आणि रस्सा तर कशातच मोडत नाही. म्योल्ची नावाचे छोटे सुके मासे उकळून काढलेले पाणी हा तेथील बहुतेक रश्श्यांचा पाया असतो. किमचीत, म्हणजे लाल मसाला भरून आंबवलेल्या कोबीत, खारवलेली कोळंबी किंवा माशांचे खारे पाणी घालण्याची रीत आहे. बिबिम्बाप, म्हणजे भातावर निरनिराळ्या भाज्या मांडून कालवायचा पदार्थ, आपल्याला सर्वांत जवळचा वाटतो. मीही पहिल्या आठवड्यात तो निर्धास्तपणे मागवला. अंडे काढायला सांगितले, मांस काढायला सांगितले, आणि अर्धा वाडगा संपल्यावर सोबतच्या सहकारी बाईंनी शांतपणे सांगितले की या उपाहारगृहात लाल चटणीच खिमा घालून परततात. त्या बाईंचा किंवा उपाहारगृहाचा त्यात काही दोष नव्हता. चटणीविषयी मी विचारलेच नव्हते.

म्हणून मुलाने विमानात बसण्यापूर्वी कोरियन लिपी शिकून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. हे काम वाटते तितके मोठे नाही. हांगुल नावाची ही लिपी राजा सेजोंग याच्या काळात तयार झाली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे आली. तिच्यात १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. व्यंजन आणि स्वर एका चौकटीत जुळवून अक्षर होते, त्यामुळे बाराखडी गिरवलेल्या माणसाला तिची रचना चटकन कळते. मन लावून बसल्यास आठवडाभरात अडखळत का होईना वाचता येते. मग दुकानातील पाकीट हातात घेतले की ज्या ओळीच्या शेवटी ‘हामयु’, म्हणजे ‘समाविष्ट’, हा शब्द असतो ती शोधावी. ॲलर्जी होऊ शकेल असे घटक तेथे वेगळे छापण्याची सक्ती आहे. दूध (उयु), अंडे (ग्येरान), गोमांस (स्वेगोगी), डुकराचे मांस (द्वेजीगोगी), कोंबडी (दाकगोगी) आणि कोळंबी (सेउ) हे शब्द त्या ओळीत सापडतात. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. म्योल्ची या मासळीचा त्या सक्तीच्या यादीत समावेश नाही, म्हणून ती सविस्तर घटकसूचीतच शोधावी लागते. जवळजवळ सर्व झटपट नूडल्सच्या मसाल्यात मांसाचा किंवा मासळीचा अर्क असतो, तेव्हा ती पाकिटे सरसकट सुरक्षित मानू नयेत.

त्याचे पोट कशाने भरेल, हेही सांगते. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होणारा साधा पांढरा भात प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. त्यावर आपले मेतकूट, जवसाची चटणी आणि तेल एवढे असले की परीक्षेचे दिवस निघतात. भात चिकट असतो, वरणाशी तो फारसा मिसळत नाही, परंतु गोळाभाताला तो उत्तम, हा माझा शोध मी त्याला भेट म्हणून देते. हिरवे मूग ‘नोकदू’ या नावाने मिळतात. आणि सोयाबीन! विदर्भात आपण सोयाबीन शिवारभर पेरतो, बाजार समितीत नेतो, भाव पडला की हळहळतो, पण ताटात त्याला तेल आणि वड्या यांपलीकडे जागा देत नाही. तेथे त्याच दाण्याचे दुबू म्हणजे टोफू होते, मोड आणून खोंगनामुल नावाची भाजी होते, उन्हाळ्यात त्याच्या दुधात नूडल्स घालून खोंगगुक्सू नावाचे गार जेवण होते, आणि शिजवून, ठेचून, विटा करून, आंबवून देन्जांग नावाचा मसाला होतो, जो मातीच्या रांजणांत ठेवतात. दुबू तव्यावर परतून त्यावर आपला कांदा-लसूण मसाला घातला, तर पनीरची आठवण काही काळ तरी शमते. पहिल्या महिन्यात त्याचे वजन उतरेल, दुसऱ्या महिन्यात तो आपल्याला व्हिडिओ कॉलवर फोडणी कशी द्यायची ते विचारेल. वेळेचा फरक साडेतीन तासांचा आहे. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तेथे मध्यरात्रीनंतरचा एक वाजलेला असतो, तेवढे भान ठेवावे.

प्रश्न : लग्नानंतर तीन महिन्यांनी मी पतीसोबत सुवॉन येथे जाणार आहे. ते कामावर गेल्यावर दिवसभर मी एकटीच असेन. मला नोकरी करता येईल का? शिवाय फोडणीचा वास, कचऱ्याचे कडक नियम आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांविषयी बरेच ऐकले आहे, त्याने धास्ती वाटते. — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आपण माझ्याच गावी निघाला आहात, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल. कायद्याचे आधी सांगून मोकळी होते. नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-३ व्हिसावर थेट नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी किंवा वेगळा व्हिसा लागतो. पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. बँकेचे खाते, स्वतःच्या नावाचा फोन आणि ऑनलाइन खरेदी ही सारी कामे त्या कार्डावाचून अडतात, म्हणून ९० दिवसांची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात नोंदणी कार्यालयाची वेळ घ्यावी. पतीच्या आरोग्य विम्यात अवलंबित म्हणून आपले नाव घालून घ्यावे. इमिग्रेशनविषयी काही अडले तर १३४५ या क्रमांकावर इंग्रजीत बोलता येते. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवावेत.

कचऱ्याची धास्ती बाळगू नये, पण त्याची थट्टाही करू नये. १९९५ पासून तेथे जितका कचरा तितके पैसे ही पद्धत आहे. साधा कचरा महापालिकेच्या छापील पिशवीतच टाकावा लागतो, पिशवीची किंमत हेच शुल्क असते आणि ती पिशवी त्या त्या शहरापुरती किंवा प्रभागापुरती चालते. उष्टे-खरकटे वेगळे. मोठ्या वसाहतींत त्यासाठी वजन करणारे यंत्र असते, कार्ड दाखवले की झाकण उघडते आणि ग्रॅमनुसार आकारणी होते. पहिल्या महिन्याचा आकडा पाहिल्यावर माझ्या घरात भात मोजून लागू लागला. घोळ होतो तो खरकटे कशाला म्हणायचे यावर. जनावराच्या खाण्यात येईल ते खरकटे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. त्यामुळे कांद्या-लसणाची टरफले, अंड्याची टरफले, हाडे, आंब्याची कोय आणि चहाच्या पिशव्या साध्या कचऱ्यात जातात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरील कागद सोलून, बाटली चेपून ती वेगळी टाकायची. आमच्या इमारतीचा वृद्ध रखवालदार मी पिशवी घेऊन उतरले की पहिले दोन महिने मागेमागे येई. त्याला माझा संशय येतो, असे मला वाटे. पुढे कळले की चुकीच्या पिशवीवर लाल चिठ्ठी लागण्याची नामुष्की माझ्यावर येऊ नये, म्हणून तो येत असे. पिशवीवरची अक्षरे मी मोठ्याने वाचून दाखवली त्या दिवसापासून त्याने येणे बंद केले.

वासाबद्दल असे की ज्या देशात किमचीसाठी घरोघरी वेगळा फ्रीज असतो, तेथे आपल्या फोडणीवर फार काही बोलायला जागा उरत नाही. तरीही इमारती बंदिस्त असतात, हिवाळ्यात खिडक्या उघडत नाहीत आणि मोहरी-हिंगाचा धूर जिन्यात उतरतो. स्वयंपाकघरातील पंखा आधी लावावा, मग तेल तापवावे. मिरचीचा ठेचा मात्र रविवारी दुपारी करावा, सकाळी सातला नव्हे. पायऱ्यांत भेटणाऱ्या शेजारणीला किंचित वाकून ‘आन्योंगहासेयो’ म्हणावे आणि कधीतरी वाटीभर काहीतरी नेऊन द्यावे. माझ्या शेजारणीला कोथिंबीर मुळीच सोसली नाही, त्यामुळे आपली सांबारवडी वाया गेली, परंतु मूगडाळीचे धिरडे तिला इतके ओळखीचे वाटले की ती दुसऱ्या दिवशी मला नोकदूचे बिनदेत्तोक करून दाखवायला आली. वाटलेल्या मुगाचे जाडसर धिरडेच ते. सोलच्या ग्वांगजांग बाजारात त्याच्या रांगा लागतात, परंतु बाजारातल्यात बहुधा डुकराचे मांस असते, हे विचारून घ्यावे.

उरला प्रश्न दिवसभराचा. शासनाचा सामाजिक एकीकरण कार्यक्रम आहे. त्यात शून्य ते पाच अशा पायऱ्यांनी कोरियन भाषा आणि तेथील जीवन शिकवतात. पुढे दीर्घ वास्तव्यासाठी अर्ज करताना तो अभ्यास उपयोगी पडतो. मराठी बोलणाऱ्याला कोरियन भाषा इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपी जाते, असे माझे ठाम मत आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून लागतात, वडीलधाऱ्यांसाठी क्रियापदाचे रूप बदलते. एवढेच नव्हे, ‘माझी आई’, ‘माझे घर’ असे न म्हणता कोरियन माणूस ‘आमची आई’, ‘आमचे घर’ म्हणतो आणि बायका नवऱ्याचा उल्लेखही ‘आमचे’ म्हणूनच करतात. आपल्या आजीला हे ऐकून परके वाटणार नाही. ‘बाप मोगोस्सोयो?’ असे कोणी विचारले तर गोंधळू नये. ‘बाप’ म्हणजे भात, आणि हा प्रश्न म्हणजे आपल्याकडचे ‘जेवण झाले का?’ आहे. त्याचे उत्तर ‘हो’ एवढेच द्यायचे असते.

नोव्हेंबरअखेरीस शेजारच्या बायका किमची घालायला एकत्र जमतील. या सामूहिक कामाला किमजांग म्हणतात आणि युनेस्कोने २०१३ मध्ये त्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला आहे. कोणी बोलावले तर हातमोजे घालून जावे. कोबीच्या पानापानांत लाल मसाला भरत बसलेल्या त्या बायका आणि उन्हाळ्यात गच्चीवर सरगुंडे, कुरडया घालणाऱ्या आपल्या मावश्या यांच्या गप्पांचे विषयही सारखेच असतात. भाषा कळू लागल्यावर मला ते समजले.

प्रश्न : मी मिहानमधील एका कंपनीत काम करतो आणि दोन वर्षांसाठी सोलला बदली झाली आहे. मी मांसाहारी आहे, पण गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही, दारूही घेत नाही. कार्यालयातील सामूहिक जेवणे टाळता येत नाहीत असे ऐकतो. — एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : त्या जेवणाला ‘ह्वेशिक’ म्हणतात. पूर्वी ते मध्यरात्रीपर्यंत आणि दोन-तीन ठिकाणे बदलत चाले. २०१८ च्या कायद्याने आठवड्याचे काम ५२ तासांपर्यंत मर्यादित झाल्यापासून आणि तरुण कर्मचारी स्पष्ट बोलू लागल्यापासून त्याचा जोर ओसरला आहे, पण ते संपलेले नाही. मुळीच न जाणे बरे दिसत नाही. जावे, पहिल्या ठिकाणी जेवावे आणि दुसऱ्या ठिकाणापूर्वी निरोप घ्यावा, एवढी सवलत सहज मिळते.

दारू घेत नसल्याचे पहिल्याच जेवणात, पहिला पेला भरण्यापूर्वी सांगावे. अर्धा पेला घेऊन मग नको म्हणणाऱ्याला पुढे कायम आग्रह होतो. आपण ‘साइदा’ मागवावे. ‘सायडर’ या मद्याशी जुळणाऱ्या नावावरून घाबरू नये, तेथे ते लिंबाच्या चवीचे साधे सोडापेय आहे. वरिष्ठ ओतून देत असतील तर पेला दोन्ही हातांनी धरावा, त्यांचा पेला रिकामा दिसला तर आपण दोन्ही हातांनी ओतावे आणि वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड किंचित बाजूला वळवावे. ज्येष्ठ व्यक्तीने चमचा उचलल्याखेरीज जेवायला सुरुवात करू नये. भात चमच्याने खातात, चपट्या धातूच्या काड्या भाज्यांसाठी असतात, आणि त्या काड्या भातात उभ्या खोचू नयेत, कारण ती मृतांना नैवेद्य दाखवण्याची रीत आहे. पिंडाला जशी आपली वेगळी मांडणी असते, तसेच हे आहे.

मांसाच्या बाबतीत नावे पाठ करावीत. बुलगोगी म्हणजे बहुधा गोमांस, साम्ग्योप्साल म्हणजे डुकराचे, आणि गाल्बी दोन्हींपैकी कशाचेही असू शकते. ‘दाक’ हा शब्द ज्यात आहे ते कोंबडीचे. चुनचॉन शहराचे दाकगाल्बी, म्हणजे लाल मसाल्यात कोबीसह तव्यावर परतलेली कोंबडी, सावजीच्या माणसाला त्यातल्या त्यात समाधान देते. अर्थात मिरे, लवंग आणि तो काळा रस्सा तेथे मिळायचा नाही. मटण दुर्मीळ आहे आणि ते मुख्यतः चिनी पद्धतीच्या खानावळीत शिगेवर भाजलेले मिळते.

ओळख होताच लोक आपले वय विचारतील, तो आगाऊपणा समजू नये. समोरच्याशी कोणत्या आदराचे क्रियापद वापरायचे हे त्यांना ठरवायचे असते. आपण ‘तू’ की ‘तुम्ही’ याचा मनात हिशेब करतो, ते उघड विचारतात. जून २०२३ पासून सरकारी कामात आपल्यासारखेच वाढदिवसावरून वय मोजतात, त्यामुळे जुन्या पद्धतीने एक-दोन वर्षे अधिक धरण्याचे कारण उरलेले नाही.

प्रश्न : आमचे जैन कुटुंब आहे. कांदा-लसूणविरहित जेवण कोरियात कोठे मिळेल? — एक वाचक, इतवारी

उत्तर : बौद्ध मठांच्या जेवणात. तेथील मठांमध्ये मांस-मासळीसह पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत : लसूण, कांद्याची पात, लसणी पात, रानकांदा आणि पाचवे चक्क हिंग. ज्या हिंगाने आपण कांद्याची उणीव भरून काढतो, ते त्यांच्या वर्ज्य यादीत बसले आहे, याचे मला अजूनही हसू येते. सोलमधील जोग्येसा मंदिराच्या परिसरात असे मठाचे जेवण देणारी उपाहारगृहे आहेत. आपण कंदमुळेही पाळत असाल तर मात्र हा मार्ग अपुरा पडेल, कारण मठाच्या स्वयंपाकात मुळा, बटाटा, कमळाचे देठ आणि रानमुळे भरपूर असतात. रोजच्यासाठी घरीच करावे, हेच बरे. लाल चवळीसारख्या दाण्यांची ‘पातजुक’ नावाची पेज तांदळाच्या गोळ्या घालून करतात आणि तिच्यात कांदा-लसूण नसतो. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी ती घरोघरी होते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अनुक्रमे ६८ व ६३ वर्षांचे आहोत. मुलगा सोलला असतो, त्याच्याकडे तीन महिने राहण्याचा विचार आहे. कोणत्या काळात जावे? दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारे आमचे कुटुंब आहे, तेथील विहार पाहण्याची इच्छा आहे. गुडघ्यांचा त्रास आहे आणि भाकरीवाचून माझे जेवण होत नाही. — एक वाचक, इंदोरा

उत्तर : जानेवारीत जाऊ नये. सोलमध्ये तेव्हा पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि पायऱ्यांवर बर्फ साचते. घरात मात्र त्रास होत नाही. ओंदोल पद्धतीत जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि फरशी पायाला उबदार लागते. त्या फरशीवर गादीच्या कडेला विरजणाचे भांडे ठेवले की दही नागपूरच्या उन्हाळ्यासारखे लागते. साखर नसलेले दही विरजणासाठी निवडायचे, तेवढा शब्द चिरंजीवांनी वाचून द्यावा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने प्रवासाला उत्तम आहेत. जूनअखेरीस पाऊस सुरू होतो.

आपली इच्छा पाहता एप्रिल-मे मी सुचवीन. बुद्धजयंती तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, परंतु ती चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीला येते, आपल्यासारखी पौर्णिमेला नव्हे. २०२५ मध्ये ती ५ मे रोजी होती आणि आपली बुद्धपौर्णिमा १२ मे रोजी. अधिक मासामुळे काही वर्षी हे अंतर तीन आठवड्यांपर्यंत जाते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कोरियन पंचांग पाहावे. त्या दिवसांत जोग्येसाच्या अंगणावर रंगीत कागदी कंदिलांचे छतच झालेले असते आणि अनेक मंदिरांतून येईल त्याला बिबिम्बाप वाढतात. रांगेत उभे राहून वाडगा घ्यावा. त्या जेवणात मांस नसते. सवड असल्यास ग्योंगजू येथील बुलगुक्सा मंदिर पाहावे. हेइन्सा मठात १३ व्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८० हजारांहून अधिक लाकडी ठसे जपलेले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याची आठवण घरात सांगितली जाते अशा कुटुंबाला त्या कोठारासमोर उभे राहिल्यावर काय वाटेल, ते मी वेगळे सांगायला नको. मात्र दोन्ही ठिकाणी पायऱ्या आहेत. मठात मुक्कामाची सोयही असते, परंतु तेथे जमिनीवर बसून जेवायचे आणि वाडग्यात एक शीतही न ठेवता तो पाण्याने धुऊन ते पाणी प्यायचे अशी शिस्त असते. गुडघ्यांचा विचार करून ठरवावे. उपाहारगृहातही जमिनीवरच्या बैठका असतात, तेव्हा खुर्चीची जागा आधी विचारावी. मेट्रोत डब्याच्या टोकाची आसने ज्येष्ठांसाठी राखीव असतात आणि तरुण माणसे ती रिकामी असली तरी तेथे बसत नाहीत. आपण संकोच न करता बसावे.

भाकरीचे पीठ येथूनच पाकीटबंद न्यावे. ज्वारी तेथे ‘सुसू’ या नावाने बाजारात मिळते, भातात मिसळून शिजवतात आणि मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला तिचे लाल डाळ लावलेले गोळेही करतात. पण ती बहुधा चिकट वाणाची असते. मी ती मिक्सरमध्ये दळून भाकरी थापून पाहिली, ती तव्यापर्यंत पोहोचण्याआधीच हाताला चिकटून बसली. औषधे तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

ऑक्टोबरमध्येच जायचे ठरले तर परतण्यापूर्वी जेजू बेटावरची संत्री बाजारात आलेली असतील. तेथे ती पेटीने विकत घेतात आणि संध्याकाळभर उबदार फरशीवर बसून सोलत राहतात. साल आपल्या संत्र्यासारखीच हाताने सुटते आणि बी नसते. आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले होते. आपण खाऊन पाहावे आणि इंदोऱ्याचा निकाल या सदराला पत्राने कळवावा.